वेटोळी आणि गुंतवळ

दोर प्लास्टिकचे होऊ लागले, त्या काळची गोष्ट. एका कारखान्यातल्या प्लास्टिकच्या वितळलेल्या रसात वेटोळी नावाची, धाग्याहून बारीक अशी रेणूंची लांबच लांब साखळी राहत होती. अंग गुरफटून घ्यायचं आणि शेजारच्या गुंतवळ नावाच्या साखळीच्या गळ्यात गळा घालून पडून राहायचं, एवढंच तिचं सुख होतं.

एक दिवस यंत्र फिरू लागलं. रस यंत्राच्या नळीच्या भिंतींना घासत पुढे सरकला, कुणी मागे राहिलं, कुणी पुढे गेलं आणि दोघींची मिठी सैल पडली. बारीक भोकातून रसाचा धागा होऊन बाहेर येताच वेटोळीने अंग पुन्हा आखडून घेतलं. "गुंतवळे, झालो बघ पूर्वीसारख्या!"

तेवढ्यात समोरच्या फिरत्या रुळांनी धाग्याला ओढ दिली.

"मला सोड, म्हणजे तू तरी सुटशील," गुंतवळ कळवळली.

"सोडलं तर धागाच तुटेल. मग तू कुठे नि मी कुठे?"

ओढ वाढली तशी वेटोळीने मिठी घट्ट केली. धागा तुटला नाही, पण दोघी सरळ ताणल्या गेल्या आणि गार पाण्यात तशाच थिजल्या.

आता त्या होडीच्या दोरात शेजारी शेजारी असतात. ऊन तापलं की थिजलेलं अंग जरा मोकळं होतं आणि दोर कणभर आखडतो.

"तुलाही ते गुरफटून पडणं आठवतं का गं?" वेटोळी विचारते.

गुंतवळही तेवढीच आखडलेली असते.