सुरणाचं पान आणि दवंडी

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी सात घरांची वाडी होती. शेवटच्या घरात एक म्हातारी एकटीच राहायची. ना मूल, ना बाळ. हातपाय थकल्यावर कुणाच्या दारी हात पसरायला लागू नये, एवढंच तिचं मागणं. म्हणून तिने आधी कणगीत चार वर्षं पुरेल एवढी नाचणी भरली आणि मग परसात सुरण लावला.

सुरण चार वर्षं जमिनीत राहिला तर चांगला पोसतो. दर पावसाळ्यात त्याचं छत्रीसारखं पान वर येतं, थंडी पडली की पिवळं होऊन गळतं. कंद मात्र खाली वाढतच असतो. वाडीत सगळ्यांनीच सुरण लावला होता, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि धीर धरणं वेगळं.

दुसऱ्या वर्षी पानं पिवळी पडली आणि नेमका त्याच दिवशी दवंडीवाला आला.

"ऐका हो ऐका! सीमेवर लढाई पेटली! बाजार बसला! सुरणाचा भाव पडला हो!"

झालं! बाकीच्या सहाही घरांनी कुदळी काढल्या. कंद निघाले जेमतेम नारळाएवढे.

रोज संध्याकाळी कुंपणाशी गप्पा मारणारी शेजारीण धावत आली. "काकी, पानं वाळली, भावही पडला. तुम्हीपण काढा. उद्या मातीमोल होईल."

"अगं, पान दर वर्षी वाळतं."

"यंदाची गोष्ट वेगळी आहे, काकी!"

"गेल्या वर्षीही तू हेच म्हणाली होतीस."

शेजारणीला राग आला. "मग राहा एकट्या!"

मिळेल त्या भावाला कंद विकून सहाही घरं पोटापाण्यासाठी शहराकडे गेली. म्हातारी खरंच एकटी राहिली. दवंडीवाला मात्र दर बाजाराच्या दिवशी यायचा आणि ओस वाडीत ढोल बडवायचा.

"अरे, ऐकायला मी एकटीच आहे. हळू बोललास तरी चालेल," म्हातारी त्याला ताक देत म्हणाली. "चांगली बातमी कधी आणतोस का रे?"

"चांगल्या बातमीची दवंडी पिटायला पैसे कोण देतो, आजी?"

ती हसली. तो गेल्यावर मात्र रडली. सगळ्या वाडीला जे कळलं, ते आपल्या एकटीलाच कसं कळलं नाही? आपलंच चुकत असेल का? विचारायलाही कुणी नव्हतं. एके दुपारी तिने कुदळ उचलली आणि सुरणाच्या वाफ्याशी जाऊन उभी राहिली.

तिथून उघड्या दारातून कणगी दिसत होती. ती स्वतःशीच म्हणाली, "नाचणी तर आहे. मग हा कंद भुकेसाठी काढतेय की भीतीसाठी? भीती काय, सुरण खाऊन जायची नाही."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने कुदळ दवंडीवाल्याच्या हातात दिली. "ही घेऊन जा. सुरणाला चौथी थंडी लागली की परत आण. आधी मागितली तर देऊ नकोस."

आधी तिने दोनदा मागितली. त्याने दिली नाही.

चौथ्या थंडीत तो कुदळ घेऊन आला. एकेक कंद दोघांनी मिळून उचलावा लागला. बाजारात दुसऱ्या कुणाकडेच सुरण नव्हता, त्यामुळे भाव उत्तम मिळाला. लढाई तर कधीच संपली होती. ती संपल्याची दवंडी कुणी पिटली नव्हती, एवढंच.

म्हातारीच्या म्हातारपणाची सोय झाली. पण घरी येऊन तिने सुरणाची भाजी केली, तेव्हा ताट एकच वाढायचं होतं. तिने ते तसंच झाकून ठेवलं.

महिन्याभराने कुंपणाशी कुणीतरी खाकरलं. शहरातून परतलेली शेजारीण मान खाली घालून उभी होती. "काकी, बियाणं द्याल? काय भाव लावाल?"

म्हातारीने निवडून मोठा कंद तिच्या ओटीत घातला. "भाव एवढाच, की रोज संध्याकाळी इथे यायचं. दोन वर्षं मी भिंतीशी बोलले गं. आणि पानं वाळतील त्या दिवशी तर नक्की ये."

तात्पर्य: पोटापुरतं आधी घरात ठेवावं. पुढच्यासाठी जे लावलं, ते दवंडी ऐकून उपटू नये. आणि शेजारी धीर धरून थांबला असेल, तर त्याला एकटं सोडू नये.