मिरी मुंगीची चानकी

एक होती मुंगी. नाव तिचं मिरी. काळी काळी, मिऱ्यासारखी. पण मिऱ्याहूनही लहान.

तिच्या ताया म्हणायच्या, "मिरे, तू घरीच बस. दाणा आणणं तुझं काम नाही."

मिरीला आला राग. ती म्हणाली, "आज मी दाणा आणीन. एकटीनं आणीन!"

आणि आणला की! अंगणात तिला गव्हाचा एक दाणा सापडला. चांगला टपोरा, तिच्याहून मोठा. मिरीनं तो ढकलला. ओढला. डोक्यावर घेतला.

तुरु तुरु, तुरु तुरु.

घरी नेण्याआधी सगळ्यांना दाखवायचा म्हणून उंबरा चढली. भिंत चढली. घरघंटीच्या काठावर आली. घरघंटी म्हणजे घरातली पिठाची चक्की. वरून गहू घालायचे, खालून पीठ घ्यायचं. यमूची आत्या त्यात गहू घालत होती. डब्यात उरले होते चारच मुठी. तेवढेच घातले.

काठावर मिरी थांबली. दाणा उंच धरला. "बघा बघा! मी आणला! एकटीनं आणला!"

मिरवायची केवढी घाई! पाय सटकला. दाणा सुटला. टुण्! पडला तो घरघंटीत.

घर्रर्र घर्रर्र! झालं पीठ.

मिरी मुळुमुळु रडली. आयुष्यातला पहिला दाणा हो! तोही गेला. आता घरी जाऊन तायांना काय दाखवणार?

मग तिनं डोळे पुसले. "रडून दाणा मिळतो का? मी जाते. मी मागते."

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी गेली परातीत. परातीत होतं पीठ.

"पिठा पिठा, माझा दाणा दे."

पीठ म्हणालं, "दाण्याचं पीठ होतं. पिठाचा दाणा होत नाही. पिठाची होते पोळी. मऊ मऊ पोळी. त्यात तुझा वाटा."

"मग हो ना पोळी!"

"कशी होऊ? मी आहे कोरडं. पाणी येईल, तर मी भिजेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी गेली तांब्यावर. तांब्यात होतं पाणी.

"पाण्या पाण्या, पिठात ये.
पीठ भिजत नाही.
पोळी होत नाही.
मिरीचा वाटा मिरीला मिळत नाही!"

पाणी म्हणालं, "डुबुक डुबुक! मी येईन, पण मळणार कोण? नुसतं आलं तर चिखल होईल. आत्या मळेल, तर मी येईन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी गेली आत्याकडे. आत्या फळीवर बघत होती. डब्यामागे बघत होती. काहीतरी शोधत होती.

"आत्या आत्या, कणीक मळ.
पाणी येत नाही.
पीठ भिजत नाही.
पोळी होत नाही.
मिरीचा वाटा मिरीला मिळत नाही!"

आत्या म्हणाली, "अगं, मळीन की! पण माझं लाटणं कुठं गेलं? लाटायचं कशानं, माझ्या नाकानं? लाटणं येईल, तर मी मळीन."

लाटणं कुठं होतं, सांगू? पलीकडच्याच खोलीत! काखेत कळसा आणि गावाला वळसा. यमूनं ते मऊ फडक्यात गुंडाळलं होतं. वर छोटं टोपडं घातलं होतं. लाटणं झालं होतं यमूचं बाळ!

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी शिरली फडक्यात.

"लाटण्या लाटण्या, बाहेर ये.
आत्या मळत नाही.
पाणी येत नाही.
पीठ भिजत नाही.
पोळी होत नाही.
मिरीचा वाटा मिरीला मिळत नाही!"

लाटणं हळूच म्हणालं, "श्शू! मला झोपवलंय. टोपड्यात फार उकडतंय गं! पण यमू सोडेल, तर मी येईन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी चढली यमूच्या गुडघ्यावर. यमू म्हणजे घरातलं शेंडेफळ. सगळ्यात धाकटी. तीन वर्षांची. मांडी घालून बसली होती, "गाई गाई गं" म्हणत होती.

"यमू यमू, लाटणं सोड.
लाटणं येत नाही.
आत्या मळत नाही.
पाणी येत नाही.
पीठ भिजत नाही.
पोळी होत नाही.
मिरीचा वाटा मिरीला मिळत नाही!"

यमू म्हणाली, "नाही जा! माझं बाळ आहे ते. बाळ दिलं तर मांडी रिकामी होईल. मनी माऊ मांडीवर बसेल, तर मी सोडीन."

तुरु तुरु, तुरु तुरु. मिरी गेली खिडकीत. खिडकीत होती मनी माऊ. उन्हात पसरली होती, आळशी कुठली! मिरीनं मोठा श्वास घेतला. आता यादी लांबली ना. म्हणा बरं माझ्याबरोबर.

"मने मने, मांडीवर बस.
यमू सोडत नाही.
लाटणं येत नाही.
आत्या मळत नाही.
पाणी येत नाही.
पीठ भिजत नाही.
पोळी होत नाही.
मिरीचा वाटा मिरीला मिळत नाही!"

मनीनं एक डोळा उघडला. "म्यांव! रिकाम्या पोटी मी नाही उठणार. गाय दूध देईल, तर मी बसेन."

तुरु तुरु, तुरु तुरु. अंगण ओलांडलं. केवढं मोठं अंगण! मिरीचे पाय दुखले. सहाच्या सहा पाय दुखले. पण ती थांबली नाही. गोठ्यात गेली. गोठ्यात होती ढवळी गाय.

"गाई गाई, दूध दे.
मनी बसत नाही.
यमू सोडत नाही.
लाटणं येत नाही.
आत्या मळत नाही.
पाणी येत नाही.
पीठ भिजत नाही.
पोळी होत नाही.
मिरीचा वाटा मिरीला मिळत नाही!"

गाय म्हणाली, "हम्मा! दूध देईन की. पण माझी पोळी कुठाय? या घरात पहिली पोळी गाईची. रोजची रीत आहे ती. पोळी येईल, तर मी दूध देईन."

आता आली का पंचाईत! पोळी नाही म्हणून दूध नाही. दूध नाही म्हणून पोळी नाही. कुणाकडे जायचं आता?

कुणीच उरलं नाही. मिरी मटकन खाली बसली. तिला वाटलं, तायाच खऱ्या. आपल्याला काही जमत नाही.

पण मग ती उठली. गाईच्या पायावर चढली. पाठीवर चढली. शिंगाच्या टोकावर उभी राहिली. म्हणाली, "गाई, दूध आधी दे. पहिली पोळी तुलाच देईन. माझा शब्द आहे."

गाय हसली. "तू एवढीशी! तुझा शब्द केवढा गं?"

मिरी म्हणाली, "मी असेन एवढीशी. पण माझा शब्द तुझ्याएवढा आहे!"

गाईनं मिरीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. शेपटी हलवली आणि म्हणाली, "बरं. घेतला तुझा शब्द."

आणि मग काय झालं?

गाईनं दूध दिलं. चुर्र चुर्र!
मनीनं ते प्यायलं. लप लप लप!
मनी मांडीवर बसली. गुर्र गुर्र!
यमूनं लाटणं सोडलं.
लाटणं बाहेर आलं. गड गड गड!
आत्या मळायला बसली.
पाणी पिठात आलं. डुबुक डुबुक!
पीठ भिजलं. झाला कणकेचा गोळा!

आत्यानं चिमूटभर मीठ घातलं. तेलाचं बोट लावलं. कणीक मळली. थुप थुप, थुप थुप! मग काय केलं? गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि हात धुतले.

मिरी ओरडली, "अगं आत्या, लाट ना! लवकर लाट!"

आत्या म्हणाली, "कणीक मुरू दे गं बाई. घाई केली, की पोळी वातड झाली. मऊ पोळी हवी ना? मग थांबायचं."

मिरी थांबली. परातीला एक फेरी मारली. "मुरली?" "नाही." दुसरी फेरी मारली. "मुरली?" "नाही गं." तिसरी फेरी मारली. आत्यानं कणकेत बोट दाबलं. बोट अलगद आत गेलं.

"मुरली!"

मग लाटणं निघालं. गर गर, गर गर! पोळीवर तेलाचं बोट. एक घडी. दुसरी घडी. पुन्हा गर गर, गर गर! तव्यावर गेली पोळी. इकडून भाजली. तिकडून भाजली.

टम्म! पोळी फुगली.

अशी फुगली, अशी फुगली, जशी शाबासकी मिळाल्यावर यमू फुगते! घरभर वास सुटला. आत्यानं वर तूप लावलं. पोळी इतकी मऊ, की बोटांवर लोळायला लागली.

आत्या म्हणाली, "मिरे, तू किती हिंडलीस! घे, आज पहिली पोळी तुझी."

मिरीनं वास घेतला. तोंडाला पाणी सुटलं. खूप खूप खावीशी वाटली. तरी ती म्हणाली, "नाही आत्या. पहिली गाईची. मी शब्द दिलाय."

आत्यानं पोळी गाईला दिली. गाईनं डोळे मिटून खाल्ली. म्हणाली, "हम्मा! मुंगीनं शब्द पाळला हो!"

दुसरी पोळी आजोबांची. तिसरी पोळी यमूच्या आईबाबांची. चौथी पोळी यमूची आणि आत्याची.

आणि कणीक संपली! गव्हाचा डबा रिकामा. पिठाची परात रिकामी.

मिरी काठावर उभी होती. हळूच म्हणाली, "आत्या, माझा वाटा?"

आत्या म्हणाली, "अगं, परात अजून पुसलीय कुठं?"

तिनं परातीच्या कडेनं बोट फिरवलं. कडेला कणीक चिकटली होती. इथं थोडी, तिथं थोडी. खरवड खरवड, खरवड खरवड! सगळी गोळा केली. झाला एक गोळा. वाटाण्याएवढा. आत्यानं तो लाटला. तव्यावर टाकला.

टुम्म! फुगली छोटीशी पोळी.

"ही चानकी!" आत्या म्हणाली. उरल्यासुरल्या कणकेची छोटी पोळी, तिला म्हणतात चानकी. त्या घरात चानकी मिळायची सगळ्यात लहानाला. रोज मिळायची. आणि घरात सगळ्यात लहान कोण? यमू!

यमूनं हात पुढे केला. "माझी चानकी!"

मिरी मागे सरली. रीत म्हणजे रीत. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगीच्या डोळ्यांतलं पाणी केवढं असणार? पण यमूला ते दिसलं.

यमूनं मिरीजवळ आपलं बोट ठेवलं. मिरी बोटाच्या नखाएवढीसुद्धा नव्हती. यमूनं मिरीकडे पाहिलं. मग स्वतःकडे पाहिलं. मग उठून उभी राहिली. ताठ उभी राहिली.

"आत्या, मी नाही सगळ्यात लहान. मिरी सगळ्यात लहान. मी मोठी आहे!"

आणि यमूनं आपल्या हातानं चानकी मिरीला दिली.

आत्याचे डोळे भरून आले. तिनं यमूला जवळ घेतलं. "खरंच गं, मोठी झाली माझी यमू!"

मिरीनं चानकी हुंगली. त्यात तिच्या दाण्याचा वास होता. तिचा, अंगणातला, टपोरा दाणा! तिनं चानकी डोक्यावर घेतली.

तुरु तुरु, तुरु तुरु. भिंत उतरली. उंबरा उतरली. लांबून बघावं, तर पोळीच चालत होती!

ताया वारुळाच्या दारात आल्या. "मिरे, दाणा कुठाय?"

मिरी म्हणाली, "दाण्याची पोळी झाली. गाईनं दूध दिलं. मनी मांडीवर बसली. यमूनं लाटणं सोडलं. लाटणं बाहेर आलं. आत्या मळायला बसली. पाणी पिठात आलं. पीठ भिजलं. पोळी झाली. मिरीचा वाटा मिरीला मिळाला!"

तायांनी आणि मिरीनं एक एक तुकडा तोडला. तोंडात टाकला.

"अगं बाई! किती मऊ!"

थोरली ताई म्हणाली, "मूर्ती लहान पण कीर्ती महान गं आमची मिरी! उद्या आम्हालाही ने हं दाणे आणायला. पुढे तू, मागे आम्ही."

मिरी हसली. पोट भरलं होतं. पाय दुखत होते. पण मान ताठ होती.

"मी आणली," ती म्हणाली. थोडी थांबली. मग म्हणाली, "सगळ्यांनी मिळून आणली. पण निघाले मी. एकटी निघाले!"

परात पुसली, तवा उतरवला, गोष्ट घडी घालून डब्यात ठेवली. आता सांगा, आज आपल्या घरची चानकी कुणाची?