खुंटी आणि उंबरठा

"गोळीबार बरोबर होता, एवढं एकच वाक्य उद्या बोलाल की नाही, बाबा?"

वैजू नूरशाबाबांच्या खोलीत उभीच होती. हवालदाराची लेक. लहानपणापासून दर गुरुवारी दर्गा झाडायला यायची, बाबांना गुरू मानायची. आज झाडूला हातही लावला नव्हता.

बाजारातल्या दंगलीत पोलिसांनी गोळी चालवली होती. यासीन नावाचा पोरगा गेला होता. उद्या दोन्हीकडची माणसं बाबांचा शब्द ऐकायला जमणार होती.

बाबा माळ ओढत राहिले.

"सगळं गाव म्हणतंय, बरोबर होता."

"कुणाला विचारलंस?"

"अख्ख्या लाइनीला."

"पोलीस लाइनीला."

"मग? दगडानं माझ्या आप्पांचं डोकं फुटलं. ते काय तिथं फुलं वेचायला गेले होते?"

"हळू. यासीनची आई बसलीय."

"ऐकू दे."

कोपऱ्यात चुलीपाशी मेहरूनबी लसूण सोलत होती. हात थांबले... मग पुन्हा चालू झाले.

"गोळीचा आवाज आला," बाबा म्हणाले, "तेव्हा आधी काय पाहिलंस, बेटी?"

वैजूला हा प्रश्न आवडला नाही.

"खुंटी. आप्पांची वर्दी तिथं नव्हती."

"आणि तू, मेहरून?"

"उंबरठा." तिनं मान वळवली नाही. "त्याच्या चपला नव्हत्या. पोर घरी आलं नाही, म्हणून ताट वाढलं नाही."

"तरी मी हटणार नाही." वैजूची मान ताठच राहिली. "माझे आप्पा खुनी नाहीत."

"माझा यासीन दंगलखोर नव्हता. दही आणायला गेला होता. मीही हटायची नाही, पोरी."

"ऐकलंत ना, बाबा? आता सांगा, उद्या कुणाच्या बाजूनं बोलणार?"

बाबा उठले. उंबरठ्याशी वाकून त्यांनी वैजूच्या चपला उचलल्या आणि भिंतीवरच्या खुंटीला, आपल्या कफनीशेजारी, नीट टांगल्या.

"अहो बाबा, पायातल्या चपला आहेत त्या..."

"मेहरून, उंबरठ्याकडे बघ. या पोरीच्या चपला दिसतात?"

मेहरूनबीनं पहिल्यांदा मागं पाहिलं. उंबरठ्याकडे... मग वैजूकडे. बराच वेळ.

"नाही."

"मग ताट वाढू नकोस. पोर अजून घरी आली नाही."