फुलयच्या तोंडून

“मग तिच्या तोंडून बोलतं कोण?”

उमाळे गुरुजींनी हे इतक्या सहज विचारलं, की हिरालाल बेठेकरला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

“ती स्वतःच बोलते, गुरुजी. फुलय. माझ्या शाळेतली सगळ्यात हुशार मुलगी. इंग्रजी वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आली. शहरातल्या मोठमोठ्या शाळांची पोरं तोंडात बोटं घालून बघत राहिली.”

“हं...”

“आणि तिची आई म्हणते, ही माझी मुलगीच नाही.”



मेळघाटातल्या त्या टेकडीवर दुपार कलली होती. थंडीचे दिवस. दरीतून धुकं वर सरकत होतं आणि सागाची झाडं एकेक करून त्यात बुडत होती. गुरुजींच्या झोपडीच्या ओसरीवर एका टोकाला अकरा वर्षांची फुलय बसली होती, दुसऱ्या टोकाला तिची आई सोमाय. दोघींच्या मध्ये बरीच जागा होती. तिथं आणखी कुणीतरी बसलंय आणि दोघी त्याला अंग चोरून जागा देताहेत, असं वाटत होतं.

हिरालाल याच डोंगरातला, कोरकू घरातला. उमाळे गुरुजींनीच त्याला झाडाखाली बसवून इंग्रजी शिकवलं होतं. पुढं तो शहरात शिकला. तिथं तोंड उघडलं की पोरं हसायची. ते हसू तो विसरला नाही. परत येऊन त्यानं डोंगरातल्या मुलांसाठी निवासी इंग्रजी शाळा काढली. आपल्या एकाही पोराला कुणी हसता कामा नये, एवढीच जिद्द. आणि ती त्यानं खरी करून दाखवली होती.

“तुम्ही फक्त सोमायला समजवा,” तो म्हणाला. “तिनं मुलीला घरात घेतलं नाही, शाळेच्या फाटकाशी आणून सोडलं. हे गावागावांत पसरलं, तर उद्या प्रत्येक आई येईल. शाळा बसेल, गुरुजी.”

“झालं काय?”

“दिवाळीची सुट्टी झाली. पाच वर्षांनी पोर पहिल्यांदा घरी गेली. बस, एवढंच.”

“सोमाय, तू सांग.”

सोमायनं मान वर केली नाही. ती आपल्या कोरकूत बोलू लागली, खालच्या आवाजात, जणू ओसरीच्या त्या टोकापर्यंत शब्द जाऊ नयेत.

पोर आली तेव्हा हसत आली, ती म्हणाली. पण ते हसू उतरलंच नाही. जेवताना तसंच, झोपेतही तसंच. भाकरी वाढली की काहीतरी म्हणायची, पाणी दिलं की तेच म्हणायची. रानात हाक मारली तर वळायची नाही. आजीनं जवळ घेतलं, तर लाकडासारखी ताठ. बाधा झाली म्हणून भुमकाला बोलावलं. आमच्यात देवाचं आणि बाधेचं तोच बघतो. त्यानं तिच्यावरून तांदूळ उतरवले, बराच वेळ पाहिलं, आणि उठून उभा राहिला.

“काय म्हणाला?” गुरुजींनी तिच्याच बोलीत विचारलं.

“म्हणाला, भूत असतं तर काढलं असतं. आत कुणीच नाही.”

हिरालाल हसला.  सोमायचं बोलणं त्याला सगळं कळलं होतं. कितीतरी वर्षांनी त्यानं ती बोली इतका वेळ ऐकली होती.

“अडाणीपणा आहे हा,” तो म्हणाला. “फुलय, गुड आफ्टरनून म्हण गुरुजींना.”

“गुड आफ्टरनून, सर. इट इज ॲन ऑनर टु मीट यू.”

उच्चार स्वच्छ, घोटीव. म्हणता म्हणता तिनं उजवा हात छातीपासून पुढं नेला. हिरालालही भाषण करताना अगदी तसाच हात नेतो. वाक्य संपवून तिनं घसा खाकरला. तेही अगदी तसंच.

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते.

“तुझ्या शाळेत पोरं किती, हिरा?”

“दीडशेवर आहेत.”

“परवा मी तुमच्या कुंपणाजवळून चाललो होतो. पाढे चालले होते... मला एकच माणूस ऐकू आला.”

हिरालालनं फुलयला हात खाली घ्यायची खूण केली.

“घरची बोली बोलली तर काय शिक्षा करतोस?”

“छे! आमच्या शाळेत कुणी पोरांना हात लावत नाही.”

“मग?”

“एक नियम आहे फक्त. घरच्या बोलीत जो बोलेल, त्याला कुणी उत्तर द्यायचं नाही. ऐकूच आलं नाही असं वागायचं. भूक लागली म्हणाला, तरी नाही. पडलो म्हणाला, तरी नाही. इंग्रजीत म्हणेपर्यंत तो तिथं नाहीच, असं धरायचं. फार लवकर शिकतात, गुरुजी. महिन्याभरात.”

“...शिकत असतील.”

धुकं आता ओसरीच्या पायरीला लागलं होतं.

“बरं,” गुरुजी म्हणाले. “सोमायला समजावायचंय ना? मग तूच समजाव. तिच्या बोलीत सांग, ही तुझीच मुलगी आहे म्हणून.”

“मी?”

“तुझीही बोली आहे ती.”

हिरालाल सोमायकडे वळला. सोपं वाक्य होतं. त्याला ते ऐकू येत होतं, आत कुठंतरी, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. त्यानं तोंड उघडलं. इंग्रजी आली. ती गिळून त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मराठी आली. तिसऱ्यांदा ओठ नुसतेच हलले.

त्याचा उजवा हात मात्र छातीपासून आपोआप पुढं गेला होता.

सोमायनं त्या हाताकडे पाहिलं. मग फुलयकडे पाहिलं. आणि सोमाय सरपटत गुरुजींच्या आड गेली.

“हाही तसलाच आहे,” ती कुजबुजली. “गुरुजी, हाही तसलाच...”

 हिरालालनं हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

तेव्हा गुरुजी उठले आणि फुलयच्या पुढ्यात येऊन बसले. इंग्रजीतच बोलले, सावकाश, म्हाताऱ्या उच्चारांत.

“बाळ, मला मदत कर. ही बाई काय बोलते, मला कळत नाही. मला सांगशील?”

हिरालाल चमकला. या डोंगरात गुरुजींइतकी कोरकू बोलणारा परका माणूस दुसरा नव्हता. आत्ताच तर त्यांनी सोमायला तिच्या बोलीत विचारलं होतं. पण गुरुजींचा चेहरा असा कोरा होता, की क्षणभर त्यालाही खरं वाटलं.

“यस, सर,” फुलय म्हणाली.

गुरुजींनी सोमायला खूण केली. बोल.

सोमाय बोलली. थोडंच बोलली.

फुलय हसऱ्या तोंडानं ऐकत होती. तिच्या भुवया किंचित जवळ आल्या.

“शी सेज...” तिनं सुरुवात केली, आणि इंग्रजीत सांगू लागली, “ती म्हणते, माझी मुलगी एवढीशी होती. तिला रानातल्या बोरांची खूण माहीत होती. तिला अंधाराची भीती वाटायची.”

“आणखी?”

सोमाय पुन्हा बोलली. हिरालालला ते कळलं आणि त्याला वाटलं, पोरीनं खोटं सांगावं. काहीही सांगावं, पण हे सांगू नये.

“ती म्हणते...” फुलयचा आवाज तसाच घोटीव होता. “ती म्हणते, माझ्या मुलीचं तोंड घालून हे कोण आलंय. ती म्हणते, त्याला विचारा... माझ्या मुलीचं तू काय केलंस.”

हसू अजून तिच्या तोंडावर होतं. वरून डोळ्यांतलं पाणी त्या हसण्यावर उतरत होतं, आणि तिला ते कळत नव्हतं.

“उत्तर दे तिला,” गुरुजी म्हणाले.

“आय ॲम...”

सोमाय धुक्याकडे बघत बसली. जणू ओसरीवर कुणी बोललंच नव्हतं.

“तिला ते ऐकू जात नाही, बाळ.”

“आय ॲम हर...”

“नाही जात.”

फुलयनं हिरालालकडे पाहिलं. सवयीनं पाहिलं. अडलं की मुलं त्याच्याकडे बघायची आणि तो ओठांनी शब्द पुरवायचा. त्याच्याकडे आज शब्द नव्हता.

तिचं तोंड उघडंच राहिलं. घशातून आधी नुसता घरघराट आला. मग आवाज आला.

हिरालाल उभा राहिला.

तो आवाज अकरा वर्षांच्या मुलीचा नव्हता. फार लहान, बोबडा, घाबरलेला. सहा वर्षांच्या पोरीचा. शाळेत आली त्या दिवशी ती तेवढीच होती. ओठ फुलयचे हलत होते आणि आवाज लांबून, खालून येत होता, आणि तो कोरकूत होता.

“आई, जाऊ नको... मला इथं नाही राहायचं. आई, तू फाटक लावून घेतलंस का? मी कधीची हाक मारतेय. इथं कुणालाच मी ऐकू येत नाही...”

हिरालालनं हे शब्द ऐकले होते. पाच वर्षांपूर्वी, फाटकाच्या आत, तिच्याशेजारी उभं राहून. नियम होता. त्यानं ऐकूच आलं नाही असं केलं होतं.

सोमाय किंचाळली नाही, रडलीही नाही. मधल्या मोकळ्या जागेवरून ती सरळ चालत गेली, मुलीला उचलून मांडीवर घेतलं आणि त्या लहान आवाजाला उत्तर देऊ लागली. प्रत्येक वाक्याला उत्तर. नाही गेले. इथंच आहे. फाटक उघडं आहे. ऐकू येतेस. ऐकू येतेस.

आवाज बोलत राहिला, सोमाय उत्तर देत राहिली. ऐकता ऐकता तो आवाज वयानं मोठा होत गेला. शेवटी मुलगी नुसती हुंदके देत होती, अकरा वर्षांच्या मुलीसारखी. मग नाक ओढून तिनं आईला काहीतरी विचारलं. अर्धं कोरकूत, अर्धं इंग्रजीत. सोमायला अर्धंच कळलं. ती त्या अर्ध्याला हसली.

धुकं आता ओसरीवर चढलं होतं. मायलेकी त्यात पुसट झाल्या. नुसतं बोलणं ऐकू येत होतं, दोन बोलींतलं, आणि किती जणी बोलताहेत ते नीट सांगता आलं नसतं.

हिरालाल कितीतरी वेळानं खाली बसला.

“आता ती शाळेत येणार नाही,” तो म्हणाला.

“येईल की. तिला इंग्रजी आवडतं. पण एकटी नाही येणार... दोघी येतील.”

“सोमाय पण?”

गुरुजींनी धुक्यातून येणाऱ्या त्या बोलण्याकडे बोट केलं.

“येऊ दे,” हिरालाल म्हणाला. “सोमायही येऊ दे. वर्गात बसू दे. सगळ्यांच्या आया येऊ देत. पोरं त्यांचं सांगणं इंग्रजीत करतील, पुस्तकातलं त्यांना त्यांच्या बोलीत सांगतील. नियम मी आजच मोडतो, गुरुजी. ज्या बोलीत हाक येईल, त्या बोलीत उत्तर.”

“उत्तर कोण देणार?”

 हिरालालनं ओठ हलवून पाहिले. मघाचंच झालं.

“मी शिकेन पुन्हा. पण गुरुजी... पोरीची आई निदान समोर बसली होती. माझी आई जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. मी आता कुणाशी बोलू?”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते त्याच्या खांद्यावरून मागं, धुक्यात बघत होते. मग ओळखीचं कुणी दिसल्यावर हलवतात तशी त्यांनी मान हलवली.

“वळू नकोस, हिरा. ती कधीची उभी आहे... आधी बोल.”