शाळेची शेळी आणि दुधी भोपळा

खूप खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा शेळ्या बोलत असत, आणि विशेष म्हणजे माणसं त्यांचं ऐकूनही घेत.

एका राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक शाळा होती. मुलं तिथेच राहत आणि तिथल्याच भोजनशाळेत जेवत. जेवत म्हणजे काय, शेव, भजी आणि जिलेबीवर ताव मारत. पानातली पालेभाजी हळूच खिडकीबाहेर जाई. खिडकीखाली शाळेची शेळी तोंड वर करून उभीच असे. शेळी गुबगुबीत झाली आणि मुलं पाप्याची पितरं.

राणी दरवर्षी वरच्या गडावर मुलांची परीक्षा घेई. त्या वर्षी निम्मी मुलं वाटेतच धापा टाकत बसली. राणीने बजावलं, "पुढच्या वर्षी सगळी मुलं आपल्या पायांनी वर आली नाहीत, तर शाळेला टाळं लागेल."

शाळा चालवणाऱ्या गुरुमाई हादरल्या. शाळा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्या रोज जेवणाआधी भाज्यांचे गुण सांगू लागल्या. मुलं माना डोलवत आणि शेळीचं पोट आणखी सुटे.

शेवटी वैतागून त्यांनी शेळीलाच विचारलं, "तुला बरी गं भाजी गोड लागते?"

"मला कुणी प्रवचन देत नाही ना," शेळी रवंथ करत म्हणाली. "आणि खरं सांगू का? तुमची नजर चुकवून वाफ्यातून मी स्वतः खुडते, ती सगळ्यांत गोड."

गुरुमाईंना आधी राग आला, मग त्या विचारात पडल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रवचन बंद झालं आणि भोजनशाळा मुलांच्या ताब्यात गेली. पाळीपाळीने परसातली भाजी खुडायची, रांधायची आणि पंगतीत आग्रहाने वाढायची. जिलेबी फक्त सणासुदीला.

पहिल्याच दिवशी एका छोट्या मुलीने जीव ओतून दुधी भोपळा शिजवला. सगळ्यांनी पानावर हात आडवा धरला, काही जण तर तिला हसलेही. पातेलं भरलेलंच परत गेलं. ती चुलीपाशी बसून रडली आणि गुरुमाईंचाही धीर सुटला. दुसऱ्या दिवशी तिला हसणाऱ्यांची पाळी होती. त्यांची मेथीही तशीच परत आली, तेव्हा त्यांचे चेहरे पडले. त्यातला एक जण ओशाळून तिच्याजवळ गेला. "तू माझी मेथी खा," तो म्हणाला, "मी तुझा भोपळा खाईन."

असं एकमेकांचं मन राखता राखता जिभेला चव लागली. मुलांनी आपापले वाफे केले. छोट्या मुलीने मांडवावर भोपळ्याचा वेल चढवला. पातेली रिकामी होऊ लागली, गालांवर तेज आलं. शेळी तेवढी खिडकीखाली ताटकळत कुरकुरायची.

वर्ष सरलं. मुलं गड चढली कसली, धावतच वर गेली. वर पोचताच त्यांनी सोबत आणलेली भाजी रांधली आणि राणीलाच पंगतीला बसवलं. भोपळा पाहून राणीने नाक मुरडलं आणि पानावर हात आडवा धरला.

छोटी मुलगी हटली नाही. "राणीसाहेब, ह्याचा वेल मी लावलाय. एकच घास घ्या."

राणीने एक घास घेतला. मग दुसरा. मग पातेलंच जवळ ओढलं. शाळेला टाळं लागलं नाहीच, उलट राज्यातली प्रत्येक भोजनशाळा मुलांच्या हाती द्यावी, असं फर्मान निघालं. गुरुमाईंना आनंदाने रडू आवरेना. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः जिलेबी तळली, तर मुलं म्हणाली, आधी भाजी वाढा.

तात्पर्य : चांगलं खाण्याची गोडी उपदेशाने लागत नाही, ती स्वतः पिकवून, रांधून दुसऱ्याला वाढण्याने लागते.