लोखंडी कढईतला काढा

डाळिंबाच्या बागांमधल्या एका गावात एक वैद्यीणबाई राहायच्या. गावातले लोक दाणे खायचे नि साली उकिरड्यावर टाकायचे. वैद्यीणबाई मात्र त्या साली मागून आणायच्या, सावलीत वाळवायच्या आणि काढा करायच्या. सालींचा गुण पाण्यात उतरला की बिघडलेलं पोट ताळ्यावर यायचं.

त्यांची सून हाताखाली शिकत होती. हुशार, पण भित्री. मांजराने उडी मारली तरी दचकायची.

एकदा सासूबाई शेजारच्या गावी रोगी बघायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "कुंभारीण येईल. तिच्या लेकीचं पोट दोन दिवस बिघडलंय. काढा मडक्यात उकळ, चार भांडी पाण्याचं एक होईपर्यंत."

सुनेने मडकं चुलीवर ठेवलं आणि तिच्या मनात आलं, हे तडकलं तर? तिने ते उतरवलं नि दणकट लोखंडी कढई चढवली. सालींचा तुरटपणा लोखंडाला लागला नि काढा झाला तो शाईसारखा काळाकुट्ट!

तेवढ्यात कुंभारीण आली. पोर तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. "झाला का गं काढा?"

सुनेने गुळाच्या डब्याकडे पाहिलं. गूळ घालून दिला तर कुणाला कळणार होतं? पण पोरीचे सुकलेले ओठ दिसले आणि ती बोलून गेली, "वहिनी, माझं चुकलं. मडकं फुटेल म्हणून कढईत उकळला. हा देववत नाही मला. पुन्हा करते, थांबाल?"

कुंभारीण म्हणाली, "मडकं फुटेल म्हणून? अगं, मग आम्ही कशाला बसलोय गावात!" एवढ्या काळजीतही तिला हसू आलं. "कर बाई. जाळ मी बघते."

तोवर सुनेने पोरीला मीठ घातलेली पेज घोटघोट पाजली. नवा काढा छान तपकिरी उतरला. तोंड वेडंवाकडं करत पोर तो प्यायली. दुसऱ्या दिवशी ती भूक लागली म्हणून रडली, तेव्हा तिच्या आईला ते रडणंसुद्धा गोड लागलं.

सासूबाई परतल्यावर सुनेने सगळं सांगितलं. "आई, रागावलात?"

"कढई तूच घासायचीस," त्या म्हणाल्या. "चुकतात सगळेच गं. दारात उभ्या असलेल्या माणसाला ते सांगायला मात्र छाती लागते."

आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच सासूबाई रोगी सुनेवर सोपवून आपल्या लेकीकडे चांगल्या चार दिवस राहून आल्या.

तात्पर्य: चूक कबूल करणाऱ्याच्या हातचं औषध निर्धास्त घ्यावं.