तबीथाच्या टाचेतला काटा

“मग देव राजा आहे की बाप? एक काय ते सांगा, अप्पा.”

अमोसअप्पा पडवीत बसून तांदूळ निवडत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

“दोन्ही एकदम नाही जमायचं,” सिलास म्हणाला. “राजा असेल, तर त्याला थांबवता आलं असतं. बाप असेल, तर थांबवावंसं वाटलं असतं. त्यानं थांबवलं नाही.”

अप्पांनी एक खडा काढून अंगणात टाकला.

रेव्हरंड सिलास बोर्डे अप्पांच्या हाताखाली तयार झालेला. धर्मशिक्षणाच्या सेमिनरीत पहिला आलेला. ‘देव सार्वभौम आहे’ हा त्याचा हातखंडा विषय. त्यावर बोलायला त्याला लांबलांबच्या चर्चच्या मंडळ्या बोलावून नेत. तो बोलायला उभा राहिला की म्हातारी माणसंसुद्धा पेंगत नसत, आणि हे त्याला ठाऊक होतं.

अप्पा निवृत्त पाळक. बायको वारल्यावर नेवाशापलीकडच्या माळावर एक खोली आणि पडवी बांधून राहिले होते. लोक त्याला आश्रम म्हणत. अप्पा घर म्हणत.

दोन वर्षांपूर्वी सिलासच्या मुलीला, तबीथाला, मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण कान गेले. नुकती कुठे बोलायला लागली होती. हळूहळू तेही गेलं. आता ती पाच वर्षांची होती. या वेळी चपला पायरीवर टाकून अंगणात एका करडामागे धावत होती.

“उपास केले,” सिलास म्हणाला. “रात्र रात्र गुडघ्यांवर काढली. मंडळीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्या. मग तीच माणसं म्हणायला लागली, पाळकसाहेबांचाच विश्वास कमी पडतोय.”

“हं.”

“म्हणू देत. त्याचं काही नाही. पण देवानं एक शब्द तरी बोलावा ना! बरी करतो म्हणावं, नाहीतर करत नाही म्हणावं. दोन वर्षं झाली, अप्पा... एक शब्द नाही.”

अप्पा तांदूळ निवडत राहिले.

“तिचे कान का गेले?” सिलासनं विचारलं.

“मला माहीत नाही.”

सिलास हसला. ते हसणं चांगलं नव्हतं.

“आयुष्यभर उपदेश केलात, आणि माहीत नाही?”

“नाही.”

“मग ऐका. येत्या रविवारपासून मी व्यासपीठावर उभा राहणार नाही. जे मला पटत नाही, ते मी लोकांना सांगणार नाही. तुमच्या कानावर घालून जावं, म्हणून आलो.”

“बरं.”

सिलास थांबला. अप्पा अडवतील, समजावतील, निदान रागावतील, असं त्याला वाटलं होतं. उत्तरं तयार होती त्याची...

तेवढ्यात अंगणातून किंकाळी आली.

तबीथा बाभळीखाली बसली होती, एक पाय दोन्ही हातांनी धरून. सिलासनं धावत जाऊन तिला उचलून आणलं. टाचेत काटा घुसला होता आणि आत मोडला होता. वर नुसता काळा ठिपका दिसत होता.

अप्पांनी खोलीतून सुई आणली. काडी ओढून तिचं टोक भाजलं.

“अप्पा, तुम्ही काढा. माझ्यानं नाही व्हायचं.”

“माझे हात कापतात,” अप्पा म्हणाले. “आणि मी तिचा कोण?”

त्यांनी सुई त्याच्या हातात दिली.

सिलासनं मुलीला बाजेवर पालथं निजवलं आणि तिचा पाय आपल्या गुडघ्यांत धरला. सुई टोचली तशी तिनं अंग ताणून ओरडायला सुरुवात केली. पाय सोडवू पाहिला. त्यानं पकड घट्ट केली. तिनं तोंड वाकळेत खुपसलं, मुठींनी बाज बडवली.

“झालं गं माझी बाय,” सिलास म्हणत होता. “झालंच... हलू नकोस... बाबा आहे ना... दिसला बघ, दिसला... दुखतंय, माहीत आहे मला... एवढंच, राणी, एवढंच... आता नाही टोचणार... अजून एकदाच...”

काटा खोल होता. वेळ लागला. सिलासच्या कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता, तो पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

शेवटी काटा निघाला. मागोमाग रक्ताचा एक थेंब आला. अप्पांनी त्यावर हळद दाबली.

तबीथा उठून बसली. तिनं बापाकडे पाहिलं आणि हात उगारून त्याच्या तोंडावर एक चापट मारली. मग दुसरी.

अप्पांनी गुळाचा खडा पुढं केला, दोन्ही हात पसरले. “ये, माझ्याकडे ये.”

तिनं त्यांचा हात ढकलला. ती बाजेवरून सरपटत पुढं आली आणि सिलासच्या गळ्यात पडली. त्याच्या मानेत तोंड घालून हुंदके देत राहिली.

करडू पडवीच्या पायरीशी येऊन उभं राहिलं आणि निघून गेलं.

मुलीच्या घोट्यावर लाल वळ उठले होते. अप्पांनी ते पाहिले.

“ही बोटं कोणाची?”

“माझी.”

“इतकं घट्ट?”

“सोडला असता, तर सुई भलतीकडेच घुसली असती.”

अप्पांनी मान हलवली. तांदळाचं सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

तबीथाचे हुंदके लांबत गेले. मग थांबले. ती झोपली होती. सिलास तिच्या पाठीवरून हात फिरवत होता.

“मी निघतो, अप्पा. पाचच्या गाडीनं गेलो, तर उजेडी घरी पोचू. तिची आई वाट बघत असेल.”

“मघाशी तू सारखा बोलत होतास.”

“तुमच्याशी भांडायलाच तर आलो होतो.”

“तेव्हाचं नाही. काटा काढताना.”

“मी?” सिलास आठवू लागला. “असेन बोलत. लक्ष नव्हतं माझं.”

“क्षणभर थांबला नाहीस.”

“तोंडातून येतंच, अप्पा. पोर रडत असली की...”

“तिला ऐकू येत नाही.”

सिलासनं मान वर केली. “ते तुम्ही मला सांगता?”

“तोंडही वाकळेत होतं तिचं. तुझे ओठसुद्धा तिला दिसत नव्हते.”

“नव्हते.”

“मग कशाला बोलत होतास?”

“कशाला म्हणजे?” सिलासचा आवाज चढला. “बाप आहे मी तिचा!”

अप्पांनी तांदळातून एक खडा उचलला, बोटांत धरून पाहिला आणि टाकून दिला.

मुलीच्या पाठीवरचा सिलासचा हात थांबला होता.

तो उठला. तिला खांद्यावर नीट घेतलं. पायरीवरच्या चपला उचलल्या. “सलाम, अप्पा,” म्हणाला, आणि अंगणाच्या टोकापर्यंत गेला. तिथं तो उभा राहिला. जाईना, वळेना...

“तुम्ही उत्तर दिलंच नाहीत,” तो पाठमोराच म्हणाला. पण मघासारखा आवाज नव्हता.

“सिलास.”

“काय?”

“जागी झाली की तिला विचार... मघाशी बाप एक शब्द तरी बोलला का.”